आयोवातली ग्रामसभा आणि माझी दुसरी पसंती

परवा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना सहज विषय निघाला, मी म्हटलं अगं २०२८ च्या निवडणुकीला केवढा अवकाश आहे आणि आमच्याकडे आत्ताच भांडणं सुरू झालीत, आणि तीही उमेदवार कोण यावरून नाही हां, पक्षाचं पहिलं मतदान कुठल्या राज्यात घ्यायचं यावरून. आई म्हणाली, "पहिलं कुठं का असंना, मत नीट मोजलं म्हंजे झालं की." आईचं शिक्षण सातवी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियम समितीत तिला घ्यायला काही हरकत नाही असं माझं प्रामाणिक मत झालंय.

तर आज तेच लिहायचंय. बरेच दिवस डोक्यात आहे.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण भारतातल्या मित्रमैत्रिणींना मी हे दरवेळी समजावते आणि दरवेळी ते मध्येच हरवतात. आपल्याकडे कसं, मुंबईत चर्चा, दिल्लीत बैठक, रात्री यादी, सकाळी बंडखोरी, आणि शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो त्यावर सगळं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, निदान कागदावर तरी. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षाचे मतदार मत देतात, त्या मतांवरून प्रतिनिधी ठरतात, आणि उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशनात ते प्रतिनिधी उमेदवारावर शिक्का मारतात. बहुतेक राज्यांत हे साधं मतदान असतं, त्याला प्रायमरी म्हणतात. आणि काही ठिकाणी असतो, किंवा असायचा म्हणूया, कॉकस, म्हणजे एका जागी जमून सभेत केलेली निवड. मी राहते डे मॉइनमध्ये, म्हणजे आयोवा, म्हणजे कॉकसची पंढरी. १९७२ पासून पहिला नंबर आमचा. (न्यू हॅम्पशायरवाले म्हणतात पहिली प्रायमरी आमची, कॉकस ही काय निवडणूक नव्हे. चालू द्या.)

नागरिकत्व मिळाल्यावर माझा पहिला कॉकस २०२० चा, डेमोक्रॅटिक पक्षाचा. ३ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी सात. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग आणि आत मुलीच्या शाळेच्या जिममध्ये घामाचा वास, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं मांडलेली, भिंतीवर ए-फोर कागदावर उमेदवारांची नावं चिकटवलेली. आम्ही २१४ जण. म्हणजे साधारण आमच्या गावच्या ग्रामसभेला येत नाहीत एवढी माणसं. पद्धत अशी की ज्याला ज्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचाय त्याने जाऊन त्या कोपऱ्यात उभं राहायचं, बस्स. सगळ्यांच्या समोर. मी एमी क्लोबुशार या सिनेटर बाईंच्या कोपऱ्यात गेले, नवरा आधी काहीच बोलला नव्हता आणि थेट सँडर्सच्या गर्दीत जाऊन उभा राहिला, माझ्याकडे बघायचं टाळत. आमच्या समोरच्या घरातली बाई, जिच्याशी चार वर्षं मी फक्त कुत्रा आणि हवामान यावर बोलले होते, ती बायडनच्या कोपऱ्यात. मुलगी तेव्हा बारा वर्षांची, वरच्या पायऱ्यांवर बसून गणिताचा होमवर्क करत होती आणि मधूनच वर बघून हसत होती. आईला हे नंतर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "म्हंजे सगळ्यांदेखत? आणि पाटलाच्या समोर हात वर कोण करणार मग?" एकदम बरोबर. तिथे कुणी पाटील नव्हते पण एकाचा बॉस दुसऱ्या कोपऱ्यात होता आणि तो माणूस जरा चुळबुळत होता हे मी स्वतः पाहिलं.

पहिली मोजणी झाली. नियम असा की जमलेल्यांपैकी पंधरा टक्के तरी तुमच्या कोपऱ्यात पाहिजेत, नाहीतर तुमचा गट बाद. २१४ चे पंधरा टक्के म्हणजे ३३ माणसं. आम्ही २९. चार कमी! आता खरी मजा सुरू होते, कारण ज्यांचे गट बाद झालेत त्यांना दुसरी संधी मिळते, त्यांनी दुसऱ्या गटात जायचं, किंवा बाद झालेल्या दोन गटांनी एकत्र येऊन एक गट तगवायचा, किंवा सरळ घरी जायचं. मग काय, आमची माणसं निघाली मतं गोळा करायला. यँगच्या गटात १७ जण होते, त्यातले निम्मे देसी सॉफ्टवेअरवाले, मला सगळ्यांनी पुढे ढकललं, "तू जा, तू बोल." मी गेले, तोडकंमोडकं हिंदी-इंग्रजी करत बोलले, एकाने मला विचारलं की तुमच्या बाईंचा एआयवर काय स्टँड आहे, मला काय डोंबल माहीत, मी म्हटलं त्या हिशेबाच्या पक्क्या आहेत. त्यातले चार आले. २९ आणि ४, झाले की ३३! टाळ्या! आणि मोजायला गेलो तर ३२. आमच्यातले एक आजोबा पहिली मोजणी झाल्यावर घरी गेले होते, बायको आजारी, तिला एकटीला किती वेळ ठेवणार.

एका माणसाने गट गेला.

मग आम्ही सगळे विखुरलो. मी वॉरनकडे गेले. तिथल्या बायकांनी मला मिठी मारली, कुणीतरी कुकी दिली. २०२० ला पहिल्यांदाच पाठिंब्याची कार्डं आली होती, पुढच्या बाजूला पहिली पसंती, मागच्या बाजूला दुसरी, खाली सही. मी कार्ड उलटं केलं, मागे वॉरनचं नाव लिहिलं, दिलं, घरी आलो. गाडीत नवरा म्हणाला, "तुझं मत फुकट गेलं." मी म्हटलं नाही गेलं, मी सरकले. ते वाक्य तेव्हा मी नुसतं भांडायला म्हणून बोलले होते.

पुढचं जगाला माहितीये. निकाल कळवायचं नवीन अ‍ॅप चाललं नाही, फोन लावावा तर लागेना, आमच्या प्रिसिंक्टचा (म्हणजे मतदानाच्या छोट्या विभागाचा) अध्यक्ष बिचारा रात्री उशिरापर्यंत फोन कानाला लावून होल्डवर बसलेला. त्या रात्री निकालच नाही. दुसऱ्या दिवशी अर्धवट. शेवटी पीट बुटिजेज १४ प्रतिनिधी, सँडर्स १२, आणि प्रत्यक्ष डोकी मोजली तर सँडर्सची जास्त, असोसिएटेड प्रेसने तर विजेता जाहीर करायलाच नकार दिला. साऱ्या देशाने आमच्यावर हसून घेतलं. आणि मग पक्षाने ठरवलं की बास, आयोवाचा पहिला नंबर काढून घ्या.

आता बघा, आयोवा पहिलं नको या म्हणण्यात तथ्य आहेच, मी इथे राहून सांगते. राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुण्यात यापेक्षा जास्त माणसं, इथले लोक मोठ्या प्रमाणात गोरे, आणि दर चार वर्षांनी सगळे उमेदवार स्टेट फेअरला, म्हणजे राज्याच्या जत्रेला, येऊन काडीला खोचलेलं पोर्क खाणार, लोण्यातून घडवलेल्या गायीसमोर फोटो काढणार, मक्याच्या इथेनॉलचं गुणगान गाणार. तिथे एका टीव्ही चॅनेलचा स्टॉल असतो, काचेच्या बरण्यांवर उमेदवारांचे फोटो, तुम्ही मक्याचा दाणा टाकायचा, झाला पोल. हे सगळं गोड आहे पण यावर देशाचा उमेदवार ठरावा का? आणि मुळात आम्ही पहिले झालो ते काही फार थोर विचाराने नाही. १९६८ च्या गोंधळानंतर पक्षाने नियम बदलले, प्रत्येक टप्प्याची आधी नोटीस द्यायची असं ठरलं, आमच्याकडे गाव, काउंटी, जिल्हा, राज्य असे चार टप्पे, उलट दिशेने तारखा मोजत मोजत पहिली तारीख जानेवारीत गेली. इथले जुने कार्यकर्ते सांगतात की ऑफिसातलं सायक्लोस्टाइल मशीन जुनं होतं, कागद काढायला वेळ लागायचा, म्हणून अजून मागे. आणि १९७६ ला जिमी कार्टर इथून 'जिंकून' देशभर गाजले, तेव्हा त्यांना मिळालेली मतं साधारण २८ टक्के, आणि त्यांच्याही वर नंबर होता 'अजून ठरवलं नाही' या गटाचा! ३७ टक्के! म्हणजे आपल्या भाषेत नोटा पहिला आला आणि दुसरा आलेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

१९६८ चं सांगायलाच पाहिजे कारण त्याशिवाय हे काहीच कळत नाही. व्हिएतनाम चालू, राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी माघार घेतलेली, उमेदवारीच्या शर्यतीतल्या रॉबर्ट केनेडींचा जूनमध्ये खून झालेला, आणि शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हंफ्रींना, जे एकाही प्रायमरीत लढले नव्हते. बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना झोडपतायत आणि आत नेतेमंडळी नाव ठरवतायत. त्याआधीही हेच चालायचं, १९५२ ला केफॉवर नावाच्या सिनेटरने १५ पैकी १२ प्रायमऱ्या जिंकल्या आणि उमेदवारी दिली स्टीव्हन्सनला. १९२४ ला तर न्यूयॉर्कच्या अधिवेशनात १०३ वेळा मतदान घेतलं तेव्हा कुठे एक नाव निघालं. तर १९६८ नंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग बसला, त्याने सांगितलं मतदारांना विचारा, आणि १९७२ ला मतदारांना विचारल्यावर उमेदवार निघाले कोण, तर त्याच आयोगाचे मॅकगव्हर्न. ५० पैकी ४९ राज्यं हरले. मग पक्षवाले घाबरले, १९८४ पासून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, ज्यांना कुणी न निवडता अधिवेशनात मत. २०१६ ला त्यावरून सँडर्सवाले आणि क्लिंटनवाले यांची जी जुंपली, त्यातून २०१८ ला ठरलं की सुपरडेलिगेटांनी पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही, निकाल आधीच स्पष्ट असेल तरच. म्हणजे बघा, पन्नास वर्षं दोरी एकदा इकडे ओढायची एकदा तिकडे. नेत्यांनी ठरवायचं की लोकांनी. आणि तो वाद नसेल तर पहिलं राज्य कुठलं.

त्या दुसऱ्या वादाला तर अंत नाही. न्यू हॅम्पशायरने १९७५ मध्ये चक्क कायदाच केलाय की आमची प्रायमरी बाकीच्यांच्या आठवडाभर आधी झाली पाहिजे. २००८ ला फ्लोरिडा आणि मिशिगन परवानगीशिवाय पुढे घुसले, रांगेत मध्येच शिरतात तसे, तर त्यांच्या प्रतिनिधींची मतं काढून घेतली, मग अर्धी दिली, मग अधिवेशनात पूर्ण दिली. २०२४ साठी डेमोक्रॅटांनी साउथ कॅरोलायना पहिलं केलं, तर न्यू हॅम्पशायरने ऐकलंच नाही, २३ जानेवारीला स्वतःची प्रायमरी घेतली, बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं आणि लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं. हसावं की रडावं.

देशाचे चार विभाग करून दर वेळी आळीपाळीने एकाला पहिला नंबर द्या, अशी योजना राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने कधीची मांडून ठेवलीय. चांगली आहे. करा. कुणीच करत नाही कारण ज्याचा नंबर जाणार तो ओरडतो. पण समजा केली, तरी माझ्या मते मूळ दुखणं जात नाही.

दुखणं हे की उमेदवार दहा-पंधरा आणि मतदाराने नाव सांगायचं एकच.

२०१६ ला रिपब्लिकन पक्षात सुरुवातीला १७ उमेदवार होते. साउथ कॅरोलायनात ट्रम्पना मिळाली साडेबत्तीस टक्के मतं आणि राज्यातले प्रतिनिधी मिळाले ५० पैकी ५०. दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, त्यांची दुसरी पसंती कोण होती, ट्रम्पच होते की नव्हते, कुणालाच ठाऊक नाही कारण कुणी विचारलंच नाही. मी ट्रम्पविरोधी आहे म्हणून बोलत नाहीये (आहे, पण म्हणून नाही). आपलंच माणूस घ्या ना, बेळगावचे श्री ठाणेदार, मिशिगनचे खासदार, मराठी मंडळात आपण सगळे कौतुकाने नाव घेतो. २०२२ ला डेट्रॉइटच्या मतदारसंघात त्यांच्या पक्षाच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. पुढे २०२४ ला त्यांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली, ते ठीक, पण पहिल्या वेळी ७२ टक्के लोकांना काय वाटत होतं हे कागदावर कुठे आलंच नाही. (आणि खासदार झाल्याने ते आता सुपरडेलिगेट पण आहेत. चिकोडीत जन्मलेला माणूस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात! हे लिहिताना मलाच भारी वाटलं.)

आणि २०२० चा सुपर ट्युजडे. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान, पण टपालाने आणि आगाऊ मतदान कितीतरी आधी सुरू झालेलं. १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ मार्चला माझी क्लोबुशार बाहेर. ज्यांनी आधीच त्यांची नावं लिहून पाकिटं टाकली होती, त्या लाखो लोकांची मतं गेली कचऱ्यात. त्या दिवशी मला आमचं जिम आठवलं. आमच्या त्या गचाळ, घामट, अन्याय्य, सगळ्यांदेखतच्या ग्रामसभेत निदान मला सरकता आलं होतं. कॉकस वाईट होता कारण आजोबांना घरी जावं लागलं, नर्सला ड्युटी सोडून येता आलं नाही, बॉससमोर उभं राहावं लागलं. पण त्यातली एक गोष्ट शंभर नंबरी होती, ती म्हणजे कार्डाची मागची बाजू. आणि कॉकस फेकताना नेमकी तीच फेकून दिली, चहा गाळून चोथा ठेवावा तसं.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. आमचे बाबा हायस्कूलला शिक्षक होते, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाचं मतदान असलं की इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि येऊन सांगायचे, एक नंबर अमक्याला, दोन तमक्याला, तीन कुणालाच नाही. मतमोजणी रात्रभर चालायची, सकाळी पेपरात "पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण नाही, दुसऱ्या पसंतीची मोजणी सुरू". लहानपणी मला ते फार किचकट वाटायचं. भारताचा राष्ट्रपती पण असाच पसंतीक्रमाने निवडतात. म्हणजे आपल्याकडे राष्ट्रपतीला आणि मास्तरांच्या आमदाराला जे जमतं ते अमेरिकेतल्या प्रायमरीला जमू नये?

खरं तर जमलंय. २०२० ला अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या चार राज्यांत डेमोक्रॅटांनी पसंतीक्रमाची मतपत्रिका वापरली. सगळ्यात खालचा उमेदवार बाद, त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजायची, उरलेले सगळे पंधरा टक्क्यांच्या वर येईपर्यंत. म्हणजे आमचं जिमच, फक्त कागदावर, गुप्त, आणि घरी बसून. वाईट एवढंच की त्यांचा नंबर येईपर्यंत सँडर्सनी ८ एप्रिलला माघार घेतली होती, स्पर्धाच उरली नव्हती, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

विरोधक म्हणतात मोजायला वेळ लागतो, लोक गोंधळतात, अर्धे लोक एकच नाव लिहून सोडतात. लागतो वेळ. मोजणी रात्रभर चालली तरी बाबांचा आमदार ठरायचाच. आणि लोक गोंधळतात म्हणणाऱ्यांनी एकदा आमचा कॉकस बघायला हवा होता, तिथे बरोबरी झाली की नाणं उडवायचे.

नुसती प्रायमरी आणली म्हणजे लोकशाही येते असंही नाही, ते आपण बघितलंय की. २०१४ ला राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने लोकसभेच्या पंधरा-सोळा मतदारसंघांत अमेरिकेसारखी प्रायमरी घेतली, महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. वर्ध्यात उमेदवारी मिळाली ती मावळत्या खासदारांच्या मुलाला. दोन्ही जागा गेल्या, अर्थात त्या लाटेत काय टिकणार होतं म्हणा.

२०२४ बद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवत नाही. बायडन २१ जुलैला बाजूला झाले आणि दोन आठवड्यांत प्रतिनिधींचं ऑनलाइन मतदान घेऊन हॅरिस उमेदवार. नियमात बसत होतं, दुसरा मार्ग पण फारसा नव्हता, मी स्वतः त्यांना मत दिलं. पण आमच्याकडे त्या वर्षी कॉकसऐवजी टपालाने पसंतीचं कार्ड आलं होतं, किचनच्या टेबलावर बसून मी त्यावर एक गोल रंगवला आणि पाकीट बंद केलं, कारण दुसऱ्या नावाला जागाच नव्हती. असती तर जुलैमध्ये पक्षाकडे निदान काहीतरी लेखी असतं, की बायडन नसतील तर लोकांना कोण चालेल.

त्याच वर्षी १५ जानेवारीला कॉकसची बैठक पण झाली, प्रत्यक्ष, पण फक्त पक्षाच्या कामकाजापुरती, उमेदवाराचं काही नाही. बाहेर उणे वीस सेल्सिअस. २१४ ची जागा आता अकरा जणांनी घेतली होती, त्याच जिममध्ये, आणि आम्ही एका टेबलाभोवती मावलो. तिथे कुणालाही ठराव मांडता येतो, म्हणून मी मांडला, घरून लिहून नेला होता, की या पक्षाने उमेदवार निवडताना प्रत्येक मतदाराची दुसरी आणि तिसरी पसंती विचारावी आणि मतदान गुप्त असावं. ते २०२० चे आजोबा आले होते, या वेळी एकटे. त्यांनी अनुमोदन दिलं. अध्यक्षाने विचारलं कोण बाजूने, हात वर करा.

नऊ विरुद्ध एक. अकरावा कॉफी आणायला गेला होता.